दोष कबूल नाहीं

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हा उपदेश आमच्या घराण्यांत तीन पिढ्या पाळला जात आहे. आजोबा तो एका बांधाच्या भांडणांत निम्मी जमीन घालवून शिकले, वडिलांनीं तो आजोबांच्या तोंडून ऐकून पाळला, आणि मीं तो कधींही कसोटीस न लावतां खरा मानला. त्यामुळें वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, मुलीच्या नांवानें, आणि तेंही अमेरिकेंतील एका न्यायालयापुढील दाव्यासाठीं आपण कागद भरीत बसूं, असें मला कोणी सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. पण तसें घडलें खरें. आणि त्या कागदांनीं मुलीला जें दिलें त्यापेक्षां मला अधिक दिलें, म्हणून ही हकीकत लिहीत आहें.

आमची धाकटी कन्या २०१४ सालीं पुढील शिक्षणासाठीं ओहायो प्रांतांतील एका विद्यापीठाच्या गांवीं गेली. त्या देशांत पायीं चालणाऱ्याला जणूं रस्ताच नसतो. वर्षभर मैत्रिणींच्या गाड्यांतून हिंडल्यावर तिनें पैसे सांठवून एक वापरलेली, तीन वर्षांची मोटार घेतली. ती कोणत्या कंपनीची हें मी सांगत नाहीं. एका घरच्या अनुभवावरून कोणाची अपकीर्ति करूं नये, एवढें पथ्य तर्कशास्त्राच्या प्राध्यापकानें पाळलेंच पाहिजे. गाडी आपोआप गिअर बदलणारी होती. डाव्या पायाला काम नाहीं, गिअरच्या दांड्याशीं झटापट नाहीं, हें ऐकून आम्हां उभयतांना फार समाधान वाटलें. फोटो आला तेव्हां आमच्या मंडळींनीं मुलीबरोबर मोटारीचीही दृष्ट काढली.

दृष्ट निघाली नसावी. दोन महिन्यांतच रविवारच्या फोनवर गाडीचें गाऱ्हाणें सुरूं झालें. सिग्नलपाशीं थांबून पुन्हां निघतांना गाडी थरथरे. सावकाश चालवितांना, थंडी वाजून ताप यावा तशी तिला हुडहुडी भरे. आणि क्वचित् असें होई कीं पाय दाबला तरी ती क्षणभर जागची हलत नसे, व मग एकदम झेप घेई. मीं तिला सांगितलें, “क्लच हळूं सोडीत जा.” ती म्हणाली, “बाबा, या गाडीला क्लचचें पेडलच नाहीं.” मीं म्हटलें, “नसेना कां! पण सावकाश चालव. इतकीं माणसें तीच गाडी चालवितात. त्यांना कांहीं होत नाहीं, तें तुलाच कसें होतें?”

हें शेवटचें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याचा हिशेब मला पुढें द्यावयाचा आहे.

कंपनीच्या अधिकृत दुकानांतील मंडळींचें म्हणणें माझ्याहून फारसें निराळें नव्हतें. पहिल्या खेपेस त्यांनीं गाडी फिरवून आणली आणि ‘आम्हांला तर कांहीं जाणवलें नाहीं’ म्हणून परत दिली. दुसऱ्या खेपेस गाडींतील संगणकाची आज्ञावली नव्यानें भरली. तिसऱ्या खेपेस ‘या जातीच्या गाडीची ती प्रकृतीच आहे, तुम्हांला अजून संवय नाहीं’ असें सांगितलें, आणि चौथ्या खेपेस ‘तुमची चालविण्याची पद्धत जरा तपासून पाहा’ असें सुचविलें. घरीं बाप आणि बाहेर कारागीर दोघेही एकच सांगूं लागल्यावर तेवीस वर्षांच्या मुलीनें काय समजावें? आपल्या हातांतच खोट आहे असें तिनें मानून घेतलें. हमरस्त्यानें जाणें सोडलें. पुढें शिक्षण पुरें झाल्यावर तासाभराच्या अंतरावरील शहरांत मनाजोगती नोकरी चालून आली, ती तिनें नाकारली आणि विद्यापीठाच्या गांवांतच कमी पगाराची पत्करली. कारण विचारलें तेव्हां ‘मला इथेंच बरें वाटतें’ एवढेंच म्हणाली. आणि आम्हींही तें खरें धरून चाललों.

२०२२ च्या उन्हाळ्यांत आम्ही तिच्याकडे गेलों. तोंपर्यंत ती गाडी भंगाराच्या भावानें जाऊन तिच्या जागीं दुसऱ्या कंपनीची आली होती. एके सकाळीं चहा घेत असतां फ्रिजच्या दारावर चुंबकाखालीं अडकविलेलें एक जाड कार्ड दिसलें. त्याच्या कोऱ्या जागेंत वाणसामानाची यादी होती: तुरीची डाळ, कोथिंबीर, दहीं. मास्तरांच्या संवयीनें मीं तें उलटून वाचलें. अमुक सालीं बनलेली अमुक जातीची मोटार आपल्या मालकीची असेल किंवा पूर्वीं असल्यास, तिच्या गिअरपेटीसंबंधींच्या दाव्यांत झालेल्या तडजोडीनें आपल्या हक्कांवर परिणाम होण्याचा संभव आहे. भरपाई हवी असल्यास अमुक तारखेच्या आंत अर्ज करावा. दाव्यांतून वगळून घ्यावयाचें असल्यास तसें कळवावें. तडजोड अमान्य असल्यास न्यायालयापुढें हरकत घ्यावी. आणि सर्वांत शेवटीं, बारीक अक्षरांत: कंपनीला कोणताही दोष कबूल नाहीं.

“तें होय?” कन्या म्हणाली. “त्यांत शंभर डॉलरसुद्धां मिळायचे नाहींत, आणि कागद केवढे जोडायचे!”

मीं मात्र तें कार्ड खिशांत घातलें. सुट्टी होती, विद्यापीठाचें ग्रंथालय जवळ होतें, आणि निरुद्योगी प्राध्यापकाला एखादा विषय सांपडला कीं त्याला तहान-भूक रहात नाहीं.

आपल्याकडे म्हण आहे, गांव करी तें राव न करी. या दाव्यांचें सारें तत्त्व या एका म्हणींत आहे. इंग्लंडांतील चॅन्सरी न्यायालयांत सतराव्या शतकांतच अशी वहिवाट होती कीं, एका जमीनदाराच्या अनेक कुळांचा त्याच्याशीं एकच तंटा असला तर प्रत्येकाचा दावा निराळा न चालवितां कांहीं जणांनीं सर्वांच्या वतीनें उभें राहावें. अमेरिकेंत १९३८ च्या दिवाणी नियमांतील २३ व्या नियमानें या वहिवाटीला स्थान दिलें आणि १९६६ च्या दुरुस्तीनें तिला आजचें रूप आलें. भरपाईच्या अशा दाव्यांत तेव्हांपासून, ‘मला वगळा’ असें जो कळवीत नाहीं तो प्रत्येक जण दाव्यांत आहेच असें धरतात. माझी मुलगी अशा रीतीनें, तिच्या नकळत, कित्येक वर्षें एका मोठ्या कंपनीशीं भांडत होती! रिचर्ड पोस्नर या न्यायाधीशांनीं २००४ सालच्या एका निकालपत्रांत याचें मर्म सांगितलें आहे. लक्षावधि लोकांच्या एका दाव्याला पर्याय म्हणून लक्षावधि निरनिराळे दावे उभे राहात नाहींत. एकही राहात नाहीं. कारण तीस डॉलरांसाठीं कोर्टांत जाणारा मनुष्य वेडा तरी असला पाहिजे, नाहीं तर झपाटलेला तरी. शहाण्यानें पायरी चढूं नये, या आमच्या आजोबांच्या उपदेशावरचेंच हें भाष्य आहे. मात्र आजोबांना न सुचलेली एक गोष्ट त्यांत आहे: सर्वच शहाणे घरीं बसले तर लबाडाला फार सोयीचें होतें.

गिअरपेट्यांच्या दाव्यांत बराच गाजलेला दावा फोर्ड कंपनीविरुद्धचा. तो वाचूनच हा विषय मला नीट समजला. २०११ ते २०१६ च्या फिएस्टा आणि २०१२ ते २०१६ च्या फोकस या मोटारींत ‘पॉवरशिफ्ट’ नांवाची गिअरपेटी होती. साध्या गाडींत चालक पायानें क्लच दाबून इंजिन व चाकें यांचा संबंध क्षणभर तोडतो आणि हातानें गिअर बदलतो. पॉवरशिफ्टमध्यें चालकाला क्लच नाहीं, पण पेटीच्या पोटांत दोन क्लच आहेत. एकाकडे पहिला, तिसरा, पांचवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालूं असतां पुढचा तयार ठेवलेला असतो, आणि संगणक एक क्लच सोडतां सोडतां दुसरा धरतो. पेट्रोल वांचावें म्हणून हे क्लच तेलांत बुडविलेले न ठेवतां कोरडे ठेवले होते. कल्पना सुंदर होती. पण कोरड्या क्लचवर आंतलें तेल झिरपलें, किंवा त्याची पकड सारखी राहिली नाहीं, कीं गाडीला थरकांप सुटे. ‘क्लच हळूं सोडीत जा’ हा माझा उपदेश त्या गाडीला अगदीं चपखल बसला असता. फक्त तो चालकाला न करतां यंत्राला करावयास हवा होता.

हा दावा २०१२ सालीं कॅलिफोर्नियांत दाखल झाला. प्रश्न सुमारें १९ लक्ष मोटारींचा होता. २०१४ मध्यें कंपनीनें क्लचची हमी सात वर्षें किंवा एक लक्ष मैलांपर्यंत वाढविली आणि २०१७ सालीं तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. भरपाईची रीत मोठी मासलेवाईक होती. दुरुस्तीच्या पहिल्या दोन खेपा सोसावयाच्या. गिअरपेटीचे भाग तिसऱ्यांदा बदलावे लागले असतील तर २०० डॉलर, चौथ्या खेपेस २७५, पांचव्या खेपेस ३५०, असें चढत चढत एकंदर २,३२५ डॉलरांपर्यंत. नुसती आज्ञावलीच पुनः पुन्हां भरून घ्यावी लागली असेल त्यांना दर खेपेस ५०. गाडी परत घ्यावी अशी मागणी असणारांसाठीं लवादाची सोय. पण सप्टेंबर २०१९ मध्यें अपील न्यायालयानें ती मंजुरी रद्द केली आणि वकिलांची फी व अशिलांचा लाभ यांचें प्रमाण नीट पारखून पाहा म्हणून प्रकरण परत पाठविलें. २०२० सालीं सुधारलेली तडजोड मंजूर झाली. तींत कंपनीनें किमान तीन कोटी डॉलर देण्याची हमी दिली. मीं तेथेंच पेन्सिलीनें भागाकार केला. या किमान रकमेप्रमाणें दर गाडीस सोळा डॉलरांच्या आंतबाहेर येतात.

सोळा डॉलर! अर्थात् सर्वच मालक अर्ज करीत नाहींत, म्हणून करणारांच्या वांट्याला अधिक येतें. तरीही या दाव्यांवर जो मोठा आक्षेप घेतात तो असा कीं, अशिलाला चणे मिळतात आणि वकिलाला फुटाण्यांचें पोतें. आक्षेप पोकळ नाहीं. मागें कित्येक तडजोडींत मालकांना रोख पैशाऐवजीं त्याच कंपनीची पुढची गाडी घेतांना वापरावयाची सवलतीची चिठ्ठी देत. जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांच्या पेट्रोलटाकीच्या दाव्यांत अशी एक हजार डॉलरांची चिठ्ठी देऊं केली होती, ती तडजोड १९९५ मध्यें अपील न्यायालयानें फेटाळली. २००५ सालच्या कायद्यानें अशा चिठ्ठ्यांवर व त्यांवर आकारावयाच्या फीवर निर्बंध घातले. ज्या दुकानानें ठकविलें त्याच दुकानांत पुन्हां जाण्यासाठीं सवलत, ही भरपाई म्हणावी कीं थट्टा?

पण या वाचनांत मी खरा थबकलों तो दुसऱ्याच ठिकाणीं. याच गिअरपेटीसंबंधीं ऑस्ट्रेलियांत तेथील ग्राहकसंरक्षण आयोगानें फोर्डच्या ऑस्ट्रेलियांतील कंपनीला न्यायालयांत खेंचलें होतें. एप्रिल २०१८ मध्यें फेडरल न्यायालयानें एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, तो गाड्या बिघडल्या म्हणून नव्हे. तक्रारी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांना जी वागणूक मिळाली ती सद्विवेकाला सोडून होती म्हणून. थरथर हें गाडींतील दोषाचें लक्षण आहे हें कंपनीला ठाऊक असतांना, तुमच्या चालविण्याच्या पद्धतीमुळें असें होतें, असें गिऱ्हाइकांना वारंवार सांगण्यांत आलें होतें.

मीं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मुलीची गाडी निराळी, कंपनी निराळी, देश निराळा. परंतु तें वाक्य माझ्या ओळखीचें होतें. तें दर रविवारीं, पुण्याच्या घरांतून, मींच उच्चारीत आलों होतों.

तीस वर्षें मी मुलांना शिकवीत आहें कीं, एका उदाहरणावरून सामान्य सिद्धांत काढूं नये. त्या नियमाची दुसरी बाजू मला त्या ग्रंथालयांत प्रथम दिसली. आपलें उदाहरण एकटेंच आहे, असें तरी आपण कशावरून धरतों? ‘इतक्या माणसांना कांहीं होत नाहीं’ हें मीं कोणाला विचारलें होतें? त्या इतक्या माणसांपैकीं प्रत्येक जण आपापल्या गांवीं, आपापल्या सिग्नलपाशीं, असाच थरथरत्या गाडींत बसलेला होता. आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी ‘तुलाच कसें होतें?’ असें विचारीत होतें. मालकाजवळ एक तक्रार असते, कंपनीच्या वहींत त्या सर्व असतात. तिचें खरें बळ पैशापेक्षां या वहींत आहे. कारण एकेकट्याला तो एकटाच आहे असें ती सांगूं शकते. दाव्याचें नोटिसकार्ड ती वही उघडतें. भरपाई सोळा डॉलरांची असो कीं सोळाशेंची, ‘तुम्ही एकटे नव्हतां’ एवढें त्या कार्डानें सांगितलें, हेंच मला त्याचें पहिलें देणें वाटतें.

आपल्या देशांतही ही वाट बंद नाहीं. १९०८ च्या दिवाणी संहितेंत अनेकांच्या वतीनें एकानें दावा लावण्याची तरतूद आहे. १९८६ च्या ग्राहक कायद्यांत ती होती आणि २०१९ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमांतही ती आहे. पण गाडींत दोष निघाला कीं आपल्याकडचा मनुष्य बहुधा एकटाच जिल्हा आयोगाच्या पायऱ्या चढतो, किंवा नशिबाला बोल लावून ती गाडी दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत बांधतो. हा दुसरा मार्ग अधिक रूढ आहे असें मला वाटतें, आणि तो सांगतांना लोक हंसतात.

असो. अर्ज भरावयास बसलों. गाडीचा सतरा अक्षरांचा व आंकड्यांचा क्रमांक हवा होता. तो जुन्या विम्याच्या कागदावर सांपडला. दुरुस्तीच्या पावत्या हव्या होत्या. त्यांचें पाकीट कपाटांतून काढतांना एक लहान वही खालीं पडली. मुलीनें तिच्यांत गाडी बिघडल्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. तारीख, ठिकाण, काय झालें, असें तीन रकाने. ‘१२ नोव्हेंबर. ग्रंथालयासमोरचा सिग्नल. तीनदां थरथरली.’ ‘३ डिसेंबर. डावीकडे वळतांना मध्येंच अडली. समोरून ट्रक.’ आणि त्याखालीं: ‘६ डिसेंबर. बाबांना सांगितलें. म्हणाले, सावकाश चालव.’

जो कोणी स्वतःवरचा विश्वास सर्वस्वीं गमावून बसला आहे तो अशी वही ठेवीत नाहीं. तिला कोठें तरी ठाऊक होतें. तिला फक्त एक साक्षीदार हवा होता, आणि तो मिळाला नाहीं.

अर्जांत त्या वहीला जागा नव्हती. पुरावा म्हणून पावत्याच चालत. दुरुस्तीच्या खेपा किती, एवढेंच तेथें विचारलें होतें. हमरस्ता सोडून गल्ल्यांतून किती वर्षें हिंडलां, कोणती नोकरी नाकारली, हे प्रश्न कोणत्याच रकान्यांत बसत नव्हते. तडजोड म्हणजे हेंच: जें मोजतां येतें तेवढ्याचे पैसे, आणि बाकीच्याबद्दल मौन. कंपनी दोष कबूल करीत नाहीं याचा रागही मला आतां पहिल्याइतका येईना. वकिलांच्या सल्ल्यानें चालणाऱ्या संस्थेकडून कबुलीची अपेक्षा कोणी करावी? पण बाप ही कांहीं वकिलांच्या सल्ल्यानें चालणारी संस्था नव्हे.

मुलगी कामावरून परत आली. मीं वही टेबलावर ठेवली व म्हटलें, “गाडीच वाईट होती. तुझा हात चांगलाच होता. मीं तुझें ऐकावयास हवें होतें.”

ती कांहीं वेळ वहीकडे पाहात राहिली. मग म्हणाली, “जाऊं द्या हो बाबा. तेव्हां तुम्हांला तरी काय ठाऊक होतें?”

तिनें मोठ्या मनानें मला पळवाट दिली. पण ती मला घेतां आली नाहीं. कंपनीला ठाऊक होतें कीं नव्हतें हें न्यायालयानें ठरवावें. मला ठाऊक नव्हतें हें खरेंच आहे. परंतु जें ठाऊक नाहीं तें विचारतां येतें. दर रविवारीं अर्धा तास फोनवर बोलत असतां, थरथर केव्हां होते, कशी होते, तुला भीति वाटते का, यांतला एकही प्रश्न मला सुचला नाहीं. मीं फक्त उत्तरें दिलीं. अध्यापनाच्या धंद्यांत हा दोष लवकर जडतो.

परतीच्या दिवशीं तिनें आम्हांला विमानतळावर पोंचविलें. हमरस्त्यानें नव्वद मैल. दोन्ही बाजूंनीं अजस्र ट्रक जात होते. माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबीत होता, हें मी नाकारीत नाहीं; पण ‘सावकाश चालव’ हे दोन शब्द मीं त्या नव्वद मैलांत एकदांही उच्चारले नाहींत. ते गिळावयास किती कष्ट पडतात हें ज्यांना मुलें आहेत त्यांनाच कळेल.

आठ महिन्यांनीं धनादेश आला. ९४ डॉलरांचा होता. मुलीनें त्याचा फोटो पाठविला आणि खालीं लिहिलें, “बाबा, दावा आपण जिंकलों. तुमची फी किती?”

फी मला टेबलावर त्या संध्याकाळींच पोंचली, असें मीं उत्तरीं कळविलें.